शेवटाआधी टीव्ही बंद करणारे बसप्पाकाका

मारधाडीचा एक ठरावीक सिनेमा टीव्हीवर लागला की आमचे शेजारी बसप्पाकाका हातातलं काम टाकून बघायला बसतात आणि शेवटी नायक हेलिकॉप्टरला लोंबकळला की टीव्ही बंद करतात. तो बिचारा खाली कसा येतो, याच्याशी काकांना देणंघेणं नाही. "काका, शेवट तरी बघा," म्हटलं की म्हणतात, "ऱ्हाऊ दे की." सोलापुरात सात रस्त्याजवळच्या चादरीच्या दुकानात जन्म गेलेला माणूस, वीज वाचवत असेल, असं आमच्या गल्लीने ठरवून टाकलं होतं.

परवा त्याच सिनेमाचा दुसरा भाग आला आणि काका मला थिएटरात ओढून घेऊन गेले. खिशात कागदात बांधलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी. अंधार झाल्यावर त्यांनी भाकरी मोडली, तो आवाज पडद्यावरच्या गोळीबारापेक्षा मोठा होता.

सिनेमा म्हणजे पहिल्याची झेरॉक्स. तिथे बहिणीला पळवलं होतं, इथे वहिनीला. तिथे नायकाने बुक्कीने ट्रक थांबवला, इथे रेल्वेचं इंजिन. काका पुढचं आधीच सांगत होते. "आता ह्यो दोस्त मरतोय बघा." दोस्त भरपूर बोलून सावकाश मेला. "सांगितलं का न्हाय?"

पुढच्या रांगेतला एक जाड गृहस्थ खवळला. "ओ काका, गप बसा की! आमी बी तिकीट काढून आलोय." मध्यंतरानंतर तोच मागे वळून हळूच विचारू लागला, "काका, वहिनी वाचती न्हवं?"

"सवय हाय हो," काका मला म्हणाले. "आमची ही अक्कलकोटाकडची. हिंदी कळायचं न्हाय तिला. अख्खा सिनेमा कानडीत सांगायला लागायचा." काकूंना जाऊन आता बरेच दिवस झाले.

शेवटी नायक हेलिकॉप्टरला लोंबकळलाच. काका एकदम गप्प.

"काका, आता?" पुढून प्रश्न आला.

"म्हाईत न्हाय."

मला वाटलं, थट्टा करताहेत. इतक्यात त्यांचा फोन वाजला. माझ्या बायकोचा होता. नळाला पाणी आलंय, तुमच्या घराला कुलूप आहे, लवकर या. आमच्याकडे पाणी काही रोज येत नाही. पाणी आल्याचा निरोप आला की सोलापूरकर लग्नाच्या पंगतीतूनही उठतो. मी उठलो. काकाही अर्धे उठले आणि पडद्याकडे बघत पुन्हा खाली बसले.

"पैल्या भागाला आमी दोघं आलो, तवा बी ह्याच जागेला फोन आला होता," ते म्हणाले. "ही म्हणाली, चला, पाणी जाईल. उरलेला पुन्हा येऊन बघू. मग तिचं दुखणंच निघालं."

"पण तो टीव्हीवर लागतो की, काका."

"एकट्यानं कसा बघू? दोघांचा ऱ्हायलाय."

 मी पुन्हा खाली बसलो. पडद्यावर नायकाने हात सोडला आणि तो थेट कडब्याच्या गाडीत पडला. शेजारी वहिनी आरती घेऊन उभी! लोक हसत होते. काकांचे ओठ मात्र हलत होते. "नोड, नोड," ते कानडीत कुणाला तरी 'बघ, बघ' म्हणत होते.

बाहेर पडल्यावर काका म्हणाले, "शेवट लई भंगार होता." थोडं चालून झाल्यावर म्हणाले, "तिला आवडला असता."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रिकामी घागर घेऊन आमच्या दारात उभे. माझ्या बायकोने घागर भरून दिली आणि वर सुनावलंच, "मी फोन केला होता ना काका? सिनेमा काय, पुन्हा बघता आला असता. पाणी गेलं की नाही?"

काकांनी घागर खांद्यावर घेतली.

"मागल्या सिनेमाला भरलं होतं की पाणी, ताई," ते म्हणाले.