सरुबाईंच्या मिठाची मोहीम

भाजीबाजार नाशिक येथील समस्त गिऱ्हाइकांचे सेवेसी. शके अठराशे सत्तावन्नी, ऐन वांग्यांचे हंगामात, जो प्रसंग गुदरला त्याची हकीकत ऐसीजे. तिखटमीठ लाविले आहे, परंतु बेताचे.

वांगीकुळभूषण सरुबाई यांची गादी, म्हणजे गोणपाट, बावीस वर्षे लिंबाचे सावलीत कायम. त्या सावलीवर फुलवाले गोरक्ष यांची नजर गेली आणि त्यांनी आवई उठविली, की मुनसिपालटीने लिंबाखालील जागा फुलांस बक्षिली, सबब सरुबाईंनी सोमवारपासून उन्हात बसावे. वर्तमान ऐकून सरुबाई बहुत कष्टी जाहल्या. उन्हात वांगी दोन प्रहरी सुकणार, मग घर कशावर चालणार? हा गोरक्ष मोठा लबाड, हे आम्ही येथेच लिहून ठेवितो.

मग पुस्तके बांधणारे नजीरमास्तर, इंग्रजी चार यत्तांचे जाणकार, यांजकरवी मुनसिपालटीचे साहेबांस अर्ज गेला आणि उत्तर इंग्रजीत आले. मास्तरांनी चष्मा पुसून तर्जुमा केला, की गोरक्षाची बातमी मिठाच्या कणासह घ्यावी. खुद्द मास्तर बुचकळ्यात पडले. सरुबाई मात्र तत्काळ उमजल्या आणि हुकूम जाहला, की साहेबानं दृष्ट काढाया सांगितली हाय, मीठ-मोहऱ्या आणा.

सोमवारी गोरक्ष हारांच्या टोपल्या घेऊन चालून आले, तो सरुबाईंनी त्यांस भर बाजारात उभे करून सात वेळा मीठ-मोहऱ्या उतरविल्या आणि शेगडीत टाकिल्या. तडतडाट ऐसा जाहला की वीस कोसांवरील चांदवडापर्यंत ऐकू गेला. गोरक्ष घाबरे होऊन, हे काय, म्हणून पुसू लागले, तेव्हा मास्तर अदबीने वदले, की साहेबांचा लेखी हुकूम आहे. हे ऐकताच जागेची गोष्ट आपणच रचिली ऐसे कबूल करून गोरक्ष टोपल्यांसह पसार जाहले.

पुढे साहेब भाजीस आले, ते हकीकत ऐकून हसून हसून बेजार. त्यांनी खुलासा केला, की इंग्रजीत याचा अर्थ इतकाच, बातमीवर पुरता भरवसा ठेवू नये. आणि रोमदेशीचे जुन्या ग्रंथी विषाच्या उताऱ्यात शेवटी मिठाचा कण सांगितला आहे, तेथून हे बोलणे निघाले म्हणतात.

"इखाला लागू पडलं, तर गोरक्षाला का नाय पडणार?" इतके बोलून सरुबाईंनी साहेबांस शेरभर वांगी तोलून दिली.

येणेप्रमाणे लिंबाची सावली सरुबाईंकडे कायम जाहली. ही बखर मास्तरांनी त्यांस वाचून दाखविली. तडतडाट चांदवडापर्यंत गेल्याचे वाक्य येताच त्या शेगडी पुढे ओढून म्हणाल्या, "मास्तर, हे लिव्हणारा कोन हाय? त्याला बी जरा हितं उभा करा."