आत्याने भरलेली शेगडी

गारवडे गावात बाळाला बोलायला शेगडी शिकवते. आई पाजते, आजी न्हाऊ घालते आणि बाळंतिणीच्या खोलीत जे जळत असतं ते बाळाशी बोलत बसतं. म्हणून शेगडीत काय घालायचं हे तिथं कुणी हलक्यात घेत नाही. पाटलांच्या सुनेनं आळस केला आणि पलीकडच्या गावच्या गोवऱ्या विकत आणल्या. तिचा थोरला आता कॉलेजात जातो, पण बोलतो त्या गावचाच हेल काढून. आता बसा म्हणावं.

शेगडी भरायचा मान आत्याचा. बाळाच्या कानात कुर्रर्र करून जी नाव ठेवते तिनंच आपल्या हातानं थापलेल्या गोवऱ्या आणायच्या, असा रिवाज. शेवंताला भाऊ एकच, हणमंता. तिला स्वतःला मूलबाळ नाही. भावजयीला, सुरेखाला, दिवस गेल्याचं कळलं तशी ती शेणात हात घालून बसली. थापता थापता प्रत्येक गोवरीला सांगायची, "आत्या म्हणायला शिकव. आधी आत्या, मग बाकीचं." गोवऱ्या मुकाट ऐकून घ्यायच्या.

पण यंदा दिवाळी उलटली तरी पाऊस हटेना. गोवऱ्या आतून ओल्याच राहिल्या. त्यात पोर आलं घाईनं, दिवस भरायच्या आधी, ओंजळीत मावेल एवढं. सुरेखाला माहेर उरलं नव्हतं, त्यामुळं बाळंतपण इथंच झालं.

शेवंतानं शेगडी पेटवली. "आत्या," पहिली गोवरी म्हणाली आणि तिनं धुराचा लोट सोडला. बाळ खोकलं. "आत्या म्हण, राजा," दुसरी म्हणाली आणि तिनंही धूरच केला. आवाज हुबेहूब शेवंताचा. खोकून खोकून बाळाचे ओठ निळे पडले. आपलाच आवाज त्याला गुदमरवतोय हे बघून शेवंताला भडभडून आलं. तिनं शेगडी ओढत अंगणात नेली.

अंगणवाडीच्या निर्मलाताई वजनकाटा घेऊन आल्या. वजन बघून त्यांनी चष्मा पुसला. "ऊब पाहिजे, आणि धूर जरासुद्धा नको. लतीफभाईंच्या वखारीत पोलंडचा कोळसा आलाय. निखारा सकाळपर्यंत टिकतो."

"बोलतो काय तो?" शेवंतानं विचारलं.

"पोलंडचं बोलतो. पेटवायच्या आधी मला कळवा. मातृभाषेच्या रकान्यात तसं लिहावं लागतं."

हणमंता म्हणाला, "आक्का, दोन दिवस कळ काढू. ऊन पडेल. पण मान तुझा, तू म्हणशील तसं."

आतून सुरेखाचा आवाज आला. "वन्सं, त्याचे पाय गार पडलेत."

शेवंता वखारीत गेली. लतीफभाईंनी पोत्याचं तोंड उघडलं. "शेवंताआक्का, आधीच सांगतो. एकदा पेटवला की मध्येच बदलायचा नाही. पोरगं धड इकडचं राहत नाही, ना तिकडचं."

शेवंता पोत्याशी वाकली. "आमच्यात आत्या म्हणतात. तेवढा एक शब्द जमेल?"

कोळसा काहीतरी पुटपुटला. लतीफभाईंना धंद्यापुरतं त्याचं बोलणं कळायचं, त्यांनी कान देऊन अर्थ सांगितला. "म्हणतो, मला जे येतं तेच शिकवीन. उगाच शब्द देऊन फसवणार नाही."

"सरळ आहे मेला," शेवंता म्हणाली, आणि पोतं तिनं स्वतः डोक्यावर घेतलं.

निर्मलाताईंना निरोप गेला. शेवंतानं आपल्या हातानं शेगडी भरली, खिडकी किलकिली ठेवली. कोळसा लाल झाला आणि खालच्या आवाजात बोलायला लागला. घरात कुणाला अवाक्षर कळलं नाही. बाळाचे पाय तापले, मुठी सैल झाल्या, झोप लागली. गोठ्यात गोवऱ्यांचा ढीग "आत्या, आत्या" करत होता. शेवंता गोठ्याचं दार लावून आली आणि उंबऱ्यावर बसून पोटभर रडली.

पोरगं अंगानं भरलं. चालायला लागलं, बोलायला लागलं, ते सगळं पोलंडचं. सुरेखा कामापुरतं शिकली. हणमंता खुणांवर भागवायचा. एक दिवस पोरानं शेवंताकडं बोट करून म्हटलं, "चोचा."

हणमंता लतीफभाईंना विचारून आला. "तुलाच म्हणतोय, आक्का. तिकडं आत्या, मावशी, काकू, सगळ्यांना एकच शब्द."

"म्हणजे मी मावशीत मोडले होय?" शेवंता तडकली. "भावाच्या पोरानं मला मावशीच्या पंगतीला बसवायचं? मान कुठं गेला माझा?" ती रुसून परड्यात जाऊन बसली. कुणी समजूत काढायला गेलं तर भाकरीसुद्धा नको म्हणाली.

मग अंगणातून हाक आली. एका दमात, न खोकता, बांधावरचे कावळे उडतील एवढ्या मोठ्यानं.

"चोचा!"

"ओ, आले रे," शेवंता म्हणाली आणि पदर खोचून उठली.