भिकाजीभाऊंचं जीन

अमडापुरात आता मोकळेपणी शिंकायची सोय राहिलेली नाही. शिंक आली की शेजारच्या ओट्यावरून भिकाजीभाऊ विचारतात, "चालू झालं काय बे जीन?"

भाऊंचा जन्म जीनमध्ये गेला. जीन म्हणजे आमच्याकडे कापसातून सरकी काढायचा कारखाना. भाऊ तिथे फिटर होते. त्यामुळे अकोल्याच्या डॉक्टरांनी भाऊंच्या बायकोच्या, कौसल्यावहिनींच्या, कॅन्सरच्या गाठीतलं 'एक जीन बंद असावं' असं सांगितलं, तेव्हा भाऊंनी गंभीरपणे विचारलं, पट्टा तुटला की मोटर जळाली?

डॉक्टर हसले नाहीत, हीच चूक झाली. उलट हे जीन म्हणजे पेशीतलं जनुक, असं त्यांनी नीट समजावलं. पेशीत विषाणू शिरला की काही जीन चालू होतात आणि पेशी बाहेर निशाण लावते. ते पाहून शरीराचे शिपाई तिला मारतात. कॅन्सरची पेशी लबाड. ती निशाणाचं जीनच बंद करून बसते आणि शिपाई समोरून निघून जातात.

तेव्हापासून भाऊ गावाला शिकवतात. सरपंचांना सर्दी झाली तर भर चौकात त्यांच्या निशाणाची चर्चा. व्याख्यानाला माइक तेवढा नसतो.

पण खरा प्रश्न एकच होता. जीन नुसतं बंद असेल तर औषधाने उघडायची आशा; तुटलेलं असेल तर ते औषध बिनकामाचं. तपासणीत काय निघालं हे डॉक्टर त्या दुपारी फोनवर सांगणार होते.

मी ओट्यावर जाऊन बसलो. भाऊ बोलत होते आणि वाक्यं अर्धीच सोडत होते. फोन वाजला. विमा विकणारी बाई होती. तिचं ऐकून न घेताच भाऊंनी तिला विचारलं, बंद हाय का तुटलं?

पुढचा फोन आला तेव्हा ते उभे राहिले. "हाव साहेब. हाव." मग नुसतंच ऐकत राहिले. मला नेमकी शिंक आली. ती मी दाबली.

"बंद हाय," फोन ठेवून ते म्हणाले. "तुटलं नाही. पण औषधानं उघडीनच असं नाही म्हणे."

भाऊ आत निघाले. आता मोठं व्याख्यान होणार म्हणून मी मागोमाग गेलो. वहिनी खाटेवर पडल्या होत्या. डॉक्टर काय म्हणाले, असं त्यांनी विचारलं. भाऊंनी तेवढंच पुन्हा सांगितलं, माझ्याकडे पाठ करून, अगदी हळू. मग म्हणाले, "कौसे, मले लय भेव लागून राह्यलं वं."

वहिनी भिंतीकडे सरकल्या आणि खाटेवर भाऊंपुरती जागा केली.