थोर समालोचक घडवण्याची कार्यपद्धती

जपानमधल्या सेंदाई शहरातल्या एका विद्यापीठाच्या रेडिओ केंद्राला एकूण तीन श्रोते होते. त्यातले दोघे केंद्रातच बसत, कारण प्रक्षेपण चालू आहे की बंद, हे ऐकून नोंदवहीत लिहिण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. तिसरे श्रोते नीलकंठराव मिरजेत राहत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं आणि जपानी भाषा तर त्याहून नाही. पण बेसबॉलचं समालोचन त्यांचा मुलगा करत होता, म्हणून दर रविवारी सकाळी साडेनऊला ते इंटरनेट लावून, आंघोळ उरकून खुर्चीत बसत.

मुलगा नचिकेत भूकंपात न पडणाऱ्या पुलांवर संशोधन करायला सेंदाईला आला होता. लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून त्याने क्रिकेटची इतकी समालोचनं ऐकली होती, की शाळेतल्या कबड्डीपासून शेजारच्या घरातल्या भांडणापर्यंत कशाचंही धावतं वर्णन तो बिनचूक करी. नीलकंठरावांची एकच इच्छा होती. "एकदा असं काही ऐकव, की मी या खुर्चीतून ताडकन उठलो पाहिजे," ते म्हणत. त्यांच्या गुडघ्यांची अवस्था पाहता हे आव्हान किरकोळ नव्हतं. नचिकेतने ते मनावर घेतलं होतं.

पहिल्याच सामन्यात ओनोदेरा नावाच्या खेळाडूने हातात आलेला झेल सोडला. नचिकेत जपानीतून ओरडला, "ओनोदेराने झेल सोडला! अगदी हातातला झेल!" कुठल्याही समालोचकाने हेच केलं असतं. फक्त तो सेंदाईत नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता केंद्राच्या दारात ओनोदेरा, त्याचा कप्तान आणि प्रशिक्षक असे तिघे काळ्या सुटात वाकून उभे होते. ओनोदेराच्या हातात हिरव्या सोयाबीनचं सारण लावलेल्या मोचीचा, म्हणजे तांदळाच्या मिठाईचा, खोका होता.

"माझ्यामुळे तुम्हाला ओरडावं लागलं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "घशाला त्रास झाला असेल. क्षमा असावी."

नचिकेत पुरता ओशाळला. आपल्याकडे पाहुण्याच्या हातून कपबशी फुटली तर यजमान जे म्हणतो, तेच तो म्हणून गेला. "छे छे, अहो चूक माझीच."

केंद्राचे सल्लागार नाकाजिमा सेन्सेइ, म्हणजे नाकाजिमा सर, शेजारीच उभे होते. ते अत्यंत सज्जन होते, फोनवर बोलतानाही कमरेत वाकत. त्यांनी लगेच वही काढून लिहिलं : समालोचकाने चूक कबूल केली आहे. चूक कबूल झाली की ती कोणती, हे ठरवायला बैठक घ्यावी लागते. बैठक झाली. तीत सगळ्यांनी आळीपाळीने आपापल्या चुका सांगितल्या, आणि शेवटी थोर समालोचक कसा असावा हे निश्चित करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली.

समितीचा पहिला नियम साधा होता. चूक करणाऱ्याचं नाव घेऊ नये. झेल सुटल्यास 'चेंडू जमिनीवर आला' एवढंच म्हणावं. त्यात दोष चेंडूकडे जातो, आणि चेंडूची तक्रार येत नाही.

पुढच्या रविवारी प्रतिस्पर्धी विद्यापीठाचं पत्र आलं. पराक्रम करणाऱ्याचं नाव घेतलं जातं आणि चुकणाऱ्याचं नाही, तेव्हा ज्याचं नाव नाही तो चुकला हे उघड होतं, असं त्यात अतिशय नम्र भाषेत म्हटलं होतं. म्हणून पराक्रम करणाऱ्याचंही नाव बंद झालं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की समालोचकाच्या आवाजात आनंद असला तर तो एका संघाचा असतो आणि त्याच क्षणी दुसरा संघ दुःखात असतो. नचिकेतच्या समोर आवाज मोजणारं यंत्र बसलं. काटा हिरव्या पट्ट्याबाहेर गेला की शेजारचा विद्यार्थी त्याला पाण्याचा पेला देई.

"आवाज स्पष्ट येतो हो," नीलकंठराव फोनवर म्हणाले. "पण तू खेळ सांगतोयस की पाणीकपातीची सूचना वाचतोयस?"

"उठलात का बाबा खुर्चीतून?"

"एकदा उठलो. गवळी आला होता."

नचिकेतला ते लागलं. त्याने समितीपुढे विनंती केली, की निदान जे घडलं ते घडलं तसं सांगू द्यावं. समितीला ही सूचना फार आवडली. घडलं तसंच सांगितलं जातंय याची खात्री करण्यासाठी प्रत्येक वाक्य आधी लिहून त्यावर दोन्ही संघ, पंच, सुरक्षा विभाग वगैरे मिळून चौदा जणांचे शिक्के घ्यायचं ठरलं. एका वाक्याला बावीस मिनिटं लागू लागली. श्रोत्यांना दुसरा डाव ऐकू येई, तेव्हा खेळाडू घरी जाऊन जेवून झोपलेले असत. एकाच सामन्याच्या दोन वेळा असणं गोंधळाचं आहे, असं सुरक्षा विभागाने निदर्शनास आणलं. त्यावर उपाय म्हणून वाक्य मंजूर होईपर्यंत खेळ थांबवण्यात आला. मेमध्ये सुरू झालेला सामना जुलैत संपला, आणि मधल्या काळात एका खेळाडूला ओसाकाला नोकरी लागून तो गेलासुद्धा.

असं चालणार नव्हतं. शेवटी समितीने तोड काढली. संपूर्ण समालोचन आठवडाभर आधी लिहून मंजूर करून घ्यावं आणि खेळाडूंनी त्याप्रमाणे खेळावं. सर्व सामने दोन-दोन असे बरोबरीत सोडवावेत.

नचिकेतने भीत भीत विचारलं, "सेन्सेइ, मग सामना खेळायचाच कशाला?"

नाकाजिमा सेन्सेइंनी वही उघडून पाहिली. "मैदान आरक्षित झालेलं आहे," ते म्हणाले.

ऑक्टोबरात शेवटचा सामना होता. ओनोदेराचं विद्यापीठातलं हे चौथं आणि अखेरचं वर्ष, म्हणजे मैदानावरचा शेवटचा दिवस. मंजूर मजकुरानुसार त्याने तीनदा बॅट फिरवायची होती आणि तीनदा चुकायचं होतं. बिचाऱ्याने दोन आठवडे चुकण्याचा सराव केला होता. पण तिसऱ्या वेळी गोलंदाजाचा हात घामाने निसटला आणि चेंडू ठरलेली जागा सोडून थेट बॅटवर आला. टण्णकन आवाज झाला. चेंडू वर चढला, कुंपणावरून गेला, झाडांवरून गेला आणि पलीकडे हिरोसे नदीत पडला. टाळ्या वाजवायची परवानगी कोणाकडेच नव्हती. सगळं मैदान ओनोदेराकडे आणि ओनोदेरा आपल्या बॅटकडे बघत राहिला.

नचिकेतपुढे चौदा शिक्क्यांचा कागद होता : 'चेंडू झेलरक्षकाच्या हाती विसावतो.' त्याने कागद उचलला, वाचायला तोंड उघडलं, आणि तोंडातून जे आलं ते सरळ मिरजेचं होतं.

"अरे गेला! गेला, गेला, गेला! ओनोदेरा, लेका, काय हाणलास रे! कुंपण नाही, झाडं नाहीत, नदीत घातलास चेंडू! बाबा, उठा!"

आणि नीलकंठराव उठले. गुडघे विसरून ताडकन उठले. काय गेलं, कुठे गेलं, कोण ओनोदेरा, त्यांना काही ठाऊक नव्हतं. ते एकटेच खोलीत उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतका आनंद त्यांना नोकरीत कायम झाल्याच्या दिवशीही झाला नव्हता.

समिती रागावली नाही. तिची अडचण वेगळीच होती. नियम मोडला की नाही, हेच कळायला मार्ग नव्हता. कदाचित समालोचकाने मंजूर वाक्यच मातृभाषेत म्हटलं असेल.

"यात कोणाच्या भावना दुखावण्याजोगं काही नाही, असं तुमच्याच लोकांनी लिहून दिलं," नाकाजिमा सेन्सेइ म्हणाले, "तर पुढचं वर्षभर तुम्ही याच भाषेत बोला, नचिकेत-सान. शिक्क्यांची गरज नाही. ही भाषा वाचणारं इथे कोणी नाही."

नचिकेतचा जीव भांड्यात पडला. आता प्रश्न आपल्या माणसांच्या हाती होता. त्याने त्या रात्री शिरा केला.

विद्यापीठाचं पत्र ध्वनिमुद्रणासह तोक्योतल्या तोयोसु भागातल्या मराठी मंडळाकडे गेलं. अध्यक्ष संजीव एका आयटी कंपनीत मॅनेजर होते. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मंडळाच्या गटावर ते टाकलं आणि विचारलं, "मित्रांनो, यात भावना दुखावण्याजोगं काही आहे का?"

आता, असं विचारल्यावर 'नाही' म्हणणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचाय. पहिलं उत्तर चाळीस सेकंदांत आलं. नदीत चेंडू टाकल्याचा आनंद मानणं ही आपली संस्कृती आहे का, असं एकाने विचारलं. परक्या खेळाडूला 'लेका' म्हणणाऱ्याच्या घरचे संस्कार दुसऱ्याने काढले. तिसऱ्याला आठवलं, की गणपतीत निवेदनाला बोलावलं तेव्हा याच नचिकेतला वेळ नव्हता. चौथ्याने विचारलं, वडिलांना एवढ्या जोरात 'उठा' म्हणतात का कोणी? सांस्कृतिक सचिव चित्रा यांनी लिहिलं, "मूळ ध्वनिमुद्रण कोणी ऐकलंय का?" हा प्रश्न दिवाळी फराळाच्या ऑर्डरीखाली गाडला गेला.

नचिकेतने संजीवना फोन केला. "संजीवदादा, तुम्ही तरी ऐकलंत ना?"

"अरे, टाइम कुठाय? उद्या क्लायंटची डेडलाइन आहे. पण मेजॉरिटीचा आदर करावा लागतो बाबा. तू पर्सनली घेऊ नकोस. आम्ही तुझं नावसुद्धा टाकलेलं नाही."

ते खरं होतं. मंडळाने सभ्यपणे नाव वगळून निरोप तयार केला : 'परदेशात मराठी माणसाची मान खाली घालायला लावणाऱ्या समालोचकाचा जाहीर निषेध. त्याला ताबडतोब हटवा. सहमत असाल तर अंगठा द्या, खरे मराठी असाल तर पुढे पाठवा.' निरोप तोयोसुहून कोबेला गेला, कोबेहून पुण्याला, पुण्याहून सांगलीला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मिरजेच्या पेन्शनरांच्या गटात येऊन पोचला.

नीलकंठराव चहा पीत होते. मुलाच्या समालोचनाची गोष्ट रोज नव्या माणसाला सांगून त्यांचा उत्साह अजून ओसरला नव्हता. त्यांनी निरोपाची पहिली ओळ पाहिली, 'मराठी माणूस' दिसला, अंगठा दिला आणि निरोप चार गटांत पुढे पाठवला. त्यातला एक घरचा होता. तो नचिकेतने प्रयोगशाळेत उघडला, पाठवणाऱ्याचं नाव पाहिलं आणि फोन खिशात ठेवला.

समितीने एक हजार एकशे सहा अंगठे मोजले, त्यावर चौदा शिक्के मारले आणि अत्यंत दुःखाने निर्णय कळवला. थोर समालोचकाच्या जागेवर आता आवाज मोजणारं यंत्र आहे. त्याचा काटा तेव्हापासून कधीही हिरव्या पट्ट्याबाहेर गेलेला नाही.

नीलकंठराव दर रविवारी साडेनऊला खुर्चीत बसतात आणि पोरगा का बोलत नाही म्हणून इंटरनेटवाल्याला फोन करतात. नचिकेतने त्यांना अजून सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. त्यांना हसण्याआधी जरा आपला फोन उघडून पाहा. आज सकाळपासून आपण ज्याला ज्याला अंगठा दिलात, त्यातलं किती वाचलं होतंत?