सुकलालआबांची बजावणी

देवपूरच्या त्या घरात राहायला गेलो आणि तिसऱ्याच दिवशी माझ्या दारावर नोटीस लागली. फुलस्केप कागद, चारही कोपऱ्यांना कणकेची खळ. ‘सदर भाडेकरू यांची बादली आज सकाळी नळाखाली भरून वाहत असल्याचे समक्ष पाहिले. तरी सदर बादलीने यापुढे तसे करू नये.’ खाली घरमालकांची सही.

घरमालक सुकलालआबा कोर्टात बेलिफ होते. तीसेक वर्षं त्यांनी लोकांच्या दारी जाऊन समन्स बजावली. निवृत्त झाले, पण बजावणी सुटली नाही. जिन्यात चपला आडव्या दिसल्या की नोटीस, गच्चीवर कपडे दोन दिवस राहिले की नोटीस. तोंडाने मात्र कुणाला वाकडं बोलले नाहीत. कागद चिकटवून खाली जायचे आणि पाच मिनिटांत हाक यायची, "चहा ठेयेल शे. या." ते घर सोडून मला बरीच वर्षं झाली. पण सकाळी चहा टाकताना ती हाक अजून आठवते.

खालच्या दोन खोल्यांत किशोर आणि त्याची बायको वैशाली राहायचे. सहा वर्षं राहिले. मग किशोरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान बसलं आणि चार महिन्यांचं भाडं थकलं. आबा आठ दिवस मुलाकडे सुरतेला गेले. परत आले तर खोल्या रिकाम्या, चावी खिडकीत, दोघांचे फोन बंद.

"सोडून द्या आबा," मी म्हणालो.

"कसं सोडू? ‘इसम मिळून आला नाही’ असा शेरा मी उभ्या नोकरीत दोनदा मारला. तेही दोघं मयत होते म्हणून."

वैशालीचं माहेर जळगावचं, एवढाच धागा होता. एका रविवारी आबा मला घेऊन एसटीत बसले. एरंडोल येईपर्यंत त्यांनी खिशातली नोटीस मला दोनदा वाचून दाखवली. कडक होती. मांडीवर पिशवी होती, जुन्या पँटच्या कापडाची, वैशालीने शिवून दिलेली. तोच पुरावा.

जळगावात आबा प्रत्येक फॉल-पिकोच्या दुकानात शिरायचे, पिशवी उलटी करून टाके दाखवत विचारायचे, "हाई शिवन कोनी शे?" मी रस्त्यावरच थांबायचो, ओळख नसल्यासारखा. एका शिंप्याने विचारलं, "काका, शिवायचीय का उसवायचीय?" आबा शांतपणे पुढच्या दुकानात. सातव्या दुकानाच्या दाराशी मात्र तशाच पिशव्या टांगलेल्या होत्या. "मागच्या गल्लीतली बाई देते विकायला," दुकानदार म्हणाला.

दार वैशालीनेच उघडलं. आबांना पाहून ती भिंतीला टेकली. आतून किशोर आला आणि मान खाली घालून उभा राहिला. आबांनी खिशातून नोटीस काढली, चष्मा चढवला, आणि ती वाचलीच नाही.

"आठ दिवस सुरतेला गेलो होतो," ते म्हणाले. "मी येईपर्यंत थांबता आलं नाही?"

"तुमच्यासमोरून सामान कसं काढलं असतं, आबा?" वैशाली म्हणाली आणि रडायला लागली.

आबांनी चष्मा काढून पुसला. किशोर हळूच म्हणाला, आता एका पाइप कारखान्यात लागलोय, महिन्याला दोन हजार फोनवरून पाठवत जाईन.

"फोनवरून आलेली रक्कम ग्राह्य धरली जाणार नाही," आबा म्हणाले. "पहिल्या रविवारी समक्ष आणून द्यावी. दोघांनी." नोटीस घडी करून त्यांनी परत खिशात ठेवली.

पुढच्या पहिल्या रविवारी दोघं खरंच आले. सकाळी आले, संध्याकाळच्या गाडीपर्यंत राहिले. वैशालीने भाकरी केल्या, किशोरने आबांचा बंद पडलेला पंखा खोलून नीट केला. त्या घरात इतकी बडबड मी फार दिवसांनी ऐकली. निघताना किशोरने दोन हजार पुढे केले. आबांनी एक पाचशेची नोट ठेवून घेतली आणि बाकीच्या त्याच्याच खिशात कोंबल्या.

"यानं पुढे इतलाच आन," ते म्हणाले. "जास्ती आनशी तर लवकर फिटी जाई."