सव्वादहाला दिलेली मुलगी

सकाळचे सात वाजले होते. वालुसिंबी सर अर्धी दाढी करून अंगणात उभे होते आणि नवऱ्याकडची चाळीस माणसं फाटकाबाहेर उभी होती. पांढरेशुभ्र पायघोळ कांझू घातलेले पुरुष, उंच खांद्यांचे गोमेसी झगे घातलेल्या बायका, टोपल्या, दोन बोकड, सगळा सरंजाम. आणि वेळ दिली होती दहाची!

"अहो, एवढ्या लवकर?" सरांनी गालावरचा फेस पुसत विचारलं.

"सर, तुम्हीच बजावलं होतंत ना, एक मिनिट उशीर झाला तर परत पाठवीन म्हणून," मुकीबी हात बांधून म्हणाला. "आम्ही कालपासूनच गावात येऊन राहिलोय."

मुकीबी म्हणजे नवऱ्याकडचा बोलका. मुलगी मागायची तर जिभेचा पटाईत माणूस लागतो, आणि मसाका शहराच्या आसपास मुकीबीइतका वाचाळ प्राणी दुसरा नाही. पण तो सरांचा विद्यार्थी होता. सरांनी एकतीस वर्षं परीक्षा घेतल्या होत्या आणि त्यांत दोनदा मुकीबीला वर्गाबाहेर काढलं होतं.

मुळात हे वेळापत्रक जन्माला आलं ते नवरीमुळे, म्हणजे सरांच्या पुतणीमुळे. बुकिरवा एक दिवस काकांपाशी येऊन बसली होती. "काका, मला बाकी काही नको. आजीचा हात माझ्या डोक्यावर पडला पाहिजे, आणि तोही ती जागी असताना." आजी, म्हणजे सरांची आई, नव्वदीची. चार वाजले की तिची मान कलायची. बुकिरवाच्या भावाच्या लग्नात आशीर्वादाला संध्याकाळचे सात वाजले, तेव्हा घोरणाऱ्या आजीचा हात दोघांनी उचलून नातसुनेच्या डोक्यावर ठेवला होता. तो व्हिडिओ घरात अजून कुणी ना कुणी लावतंच.

"तीनच्या ठोक्याला आशीर्वाद. लिहून घे," सर म्हणाले आणि कामाला लागले. गेल्या वर्षभरातल्या अकरा लग्नांचा त्यांनी अभ्यास केला. बोलक्यांची जुगलबंदी, पंचेचाळीस मिनिटं. करवल्यांचं नाचत येणं, वीस. पाऊस, अर्धा तास. चिखलात गाडी रुतणं, एक तास. शेवटी त्यांनी 'उगीच' असा एक रकाना केला आणि त्यालाही दीड तास दिला. कागद इतका खरा दिसत होता की बघणाऱ्याला दम लागावा.

पण त्या दिवशी पाऊस आला नाही, गाडी रुतली नाही, आणि 'उगीच' तर काहीच घडलं नाही. पाहुण्यांना उन्हात किती वेळ ताटकळत ठेवणार? साडेनऊला फाटक उघडलं.

मुकीबीने सुरुवात झकास केली. "आम्ही वाट चुकलेले लोक. या अंगणात एक फूल उमललंय असं ऐकलं, म्हणून..." तेवढ्यात सरांनी डोक्यावर ऊन लागतं म्हणून हात वर केला. झालं! मुकीबीला वाटलं, सर 'पुरे' म्हणताहेत. "...म्हणून, थोडक्यात, मुलगी द्या," असं म्हणून तो खाली बसला. मुलीकडचा बोलका कतेंडे, तोही सरांचाच विद्यार्थी. तो उठला, म्हणाला, "दिली," आणि बसला.

सव्वादहा वाजले होते.

आता आली का पंचाईत! केळीच्या पानात बांधलेल्या कोंबड्या नुकत्याच चुलीवर चढल्या होत्या, एकच्या आत शिजणार नव्हत्या. अकराला गावची मंडळी नटूनथटून आली, तर नवरानवरी शेजारी बसून एकमेकांकडे बघताहेत.

"झालंसुद्धा?" शेजारीण डोळे मोठे करून म्हणाली. "एवढी घाई? मुलगी जड झाली होती काय यांना?"

तिकडे नवऱ्याची आत्या मुकीबीला कोपऱ्यात घेऊन फुसफुसत होती. "एवढ्या सहज देतात का कुणी मुलगी? काहीतरी खोट असणार. विचार तरी!"

हे सगळं बुकिरवाच्या बापाच्या कानावर गेलं. सेंगेंडो भावाकडे तणतणत आला. "वालुसिंबी, अरे, बोकड विकायलासुद्धा मी यापेक्षा जास्त वेळ घेतो!"

"दादा, पण आई जागी आहे ना," सर कसेबसे म्हणाले. "आत्ताच आशीर्वाद उरकून घेऊ."

आजीला चटईवर आणून बसवलं. बुकिरवा तिच्यासमोर गुडघे टेकून वाकली. आजीने हात मागे घेतला.

"कसला आशीर्वाद? मागितली कुठं यांनी तुला? मला मागायला आले होते तेव्हा माझ्या बापाने तीन दिवस दारात बसवलं होतं त्यांना." तिने काठी फाटकाकडे रोखली. "चला, सगळे बाहेर! पुन्हा या."

"आई, वेळापत्रक..." सर म्हणाले.

"तू गप बस."

चाळीस माणसं टोपल्या उचलून बाहेर गेली आणि नव्याने फाटकातून आत आली. कतेंडेला हटवून आजी स्वतः बोलायला बसली. कोण तुम्ही? कुठल्या कुळाचे? तुमच्या आजोबांनी आमच्या शेतात गाय घातली होती ते खरं का? मुकीबीच्या जिभेला आता धार चढली. आजी एक टोमणा मारायची, तो दोन परतवायचा, अंगण हसून लोळायचं. नवऱ्याच्या आत्याने मधेच कोंबडी खाऊन घेतली आणि पुन्हा भांडायला येऊन बसली. चार वाजले, पाच वाजले. आजीची मान ताठ.

पावणेसहाला तिने बुकिरवाला जवळ ओढलं आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "आता कुठं तुला मागितलं," ती म्हणाली. बुकिरवाला रडूच फुटलं.

डोळे पुसत ती काकांच्या पाया पडायला वळली. सर खांबाला टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते.

"उठवू का गं आजी?"

"राहू दे," आजी हळूच म्हणाली. "लहानपणापासून असाच आहे तो. लग्नाला नेला की ऐन वेळेला झोपतो."