मेश्राम साहेब आणि आमचा नाला

मेश्राम साहेबांच्या नळीचं दुसरं टोक धरलं नाही, असा माणूस आमच्या गल्लीत सापडणार नाही. नळी म्हणजे गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती, पाणी भरलेली, पारदर्शक. एक टोक साहेबांच्या हातात, दुसरं जो सापडेल त्याच्या. दूधवाला, कुरिअरवाला, एकदा तर घोड्यावरून उतरलेला नवरदेव. "भिंतीले लावून धरा. हलू नका. श्वास घ्या, पण हळू." नळीतलं पाणी स्थिर झालं की साहेब लाल ऑइलपेंटने भिंतीवर रेघ मारतात. नाल्याला आलेला प्रत्येक पूर त्यांनी असा गल्लीभर लिहून ठेवलाय. माझ्या नव्याने रंगवलेल्या कंपाउंडवरही. मी भांडायला गेलो, तर म्हणाले, "पाणी तुमाले इचारून आलं होतं का? मंग रेघ काहून इचारून मारू?"

पाटबंधारे खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेला हा माणूस. खर्च आणि फायदा यांची तुलना केल्याशिवाय साधी गवारही घेत नाही. "ही निवडायले अर्धा तास जाते बाई. फायदा काय?" भाजीवाली वैतागते, "नका घेऊ साहेब, पण बाजूले तर सरका!" कोणीही काहीही नवीन काढलं, की त्यांचा एकच प्रश्न : "तोटा कोणाचा, ते आधी सांगा."

या प्रश्नानेच त्यांनी माझा घात केला.

मी इतवारी बाजारात हातगाडीवर भांडी विकून वर आलेला माणूस. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतं तेव्हाच मला कळतं, हा कितीवर तुटेल. नाल्याकाठचं गोदाम मी स्वतःच्या हिमतीवर बांधलं. गेल्या पुरात त्यात कमरेएवढं पाणी शिरलं आणि पातेली एकामागून एक गल्लीत पोहत निघाली. त्यानंतर एकदाची सरकारी योजना आली. दोन पर्याय होते. पहिला, नाला रुंद करायचा. त्यात माझं अर्धं गोदाम आणि आमच्या बाजूच्या घरांचे मागचे भाग जाणार. दुसरा, फक्त आमच्या काठाला उंच भिंत बांधायची. भिंत स्वस्त, कोणाचं काही पाडायचं नाही. आता सांगा, शहाण्या माणसाने काय निवडावं?

भिंतीसाठी मी तीन महिने कचेरीचे जिने झिजवले, गल्लीच्या सह्या गोळा केल्या. रुंदीकरणात कोणाचं काय जाईल, याचे अर्ज भरून घेत होते. सगळ्या तोट्यांची बेरीज योजनेच्या फायद्याहून जास्त झाली, की रुंदीकरण रद्द. मी माझ्या अर्जात गोदामातला सगळा माल लिहिला. पोचे आलेली, भंगारात काढलेली भांडीही नव्याच्या भावाने लिहिली. धंदा करतो, देवळात बसत नाही.

सुनावणीत सगळं जमून आलं होतं. साहेब उठले.

"भिंत आपल्या काठाले बांधली, तर पाणी कुठं जाईन?"

अभियंता म्हणाला, "पलीकडे. पण तिकडं नुकसान फार कमी दाखवलंय."

"कमी काहून?"

"तिकडं पत्र्याची घरं आहेत, साहेब. सामान काय असणार?"

"म्हणजे ज्याच्या घरी कमी, त्याचा तोटा कमी. तोटा कमी, म्हणून पाणी त्याच्याच घरी सोडायचं. असं करून राहिले तुम्ही?"

माझी तार सटकली. "साहेब, माझं गोदाम बुडालं तवा कुठं होते तुमी?"

"तुमचं स्टील आहे गा भाऊ. पुसलं की झालं. त्यांच्या गाद्या, गहू, पोराइची पुस्तकं कशानं पुसू?"

सभागृह हसलं. माझ्यावर! पलीकडच्या काठावरून आलेल्या बाया तर टाळ्या वाजवत होत्या. निर्णय पुढे ढकलला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी साहेबांच्या दारात. चार गोष्टी ऐकवायच्याच होत्या. "लोकाइचं गोदाम पाडायले काय जाते तुमचं?"

त्यांनी टेबलावरचा नकाशा माझ्याकडे सरकवला. रुंदीकरणाची निळी रेघ माझ्या गोदामातून जात होती, आणि पुढे थेट साहेबांच्या स्वयंपाकघरातून. बाजूला त्यांचा अर्ज होता. तोट्याच्या रकान्यात : शून्य.

मी चक्रावलो. स्वतःचा भाव स्वतः पाडणारा माणूस मी बाजारात पाहिला नाही. "स्वयंपाकघर जाते तुमचं, अन् तोटा शून्य?"

"आकडा टाकला तर बेरीज वाढते. मंग तिकडचे लोक बुडतात. अन् एकट्या माणसाले स्वयंपाकघर कायले पाहिजे? डबा येते मले."

मी सरळ आत स्वयंपाकघरात गेलो. शेगडीला सिलेंडर नव्हता. पण मांडणीवरची भांडी लखलखत होती. भांड्यातलं मला कळतं. ती आठवड्याला तरी घासलेली होती. ओटा मात्र विचित्र होता, माझ्या मांड्यांशी येईल इतका बुटका.

"गवंड्यानं लेव्हल चुकवली वाटते," मी म्हणालो.

"नाही. मीच तेवढा करायले लावला." साहेब दारातच उभे होते. "बायकोची उंची कमी होती. लोकाइच्या ओट्यावर टाचा उचलून पोळ्या लाटे. म्हणून तिले उभं करून माप घेतलं होतं." मग ओट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तुम्ही धंदेवाले आहा. सांगा, याचा किती आकडा टाकू?"

मी भांडायला आलो होतो. तरी हट्टाने म्हणालो, "काहीतरी टाका साहेब. शून्य नका टाकू. हा काय भाव झाला?" आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याचा भाव वर चढवत होतो आणि समोरचा ऐकत नव्हता. ओट्यावर बसलेली धूळ त्यांनी आत येऊन तळहाताने पुसली आणि अर्ज घडी करून खिशात ठेवला.

माझा राग गेलेला नाही. सभेत चारचौघांत हसं केलं, ते मी विसरणार नाही. अर्धं गोदाम जाणार आहे माझं, चेष्टा नाही. पण सोमवारी मी कचेरीत जाऊन माझा अर्ज परत मागितला आणि भंगाराच्या सगळ्या ओळी खोडल्या. माझा आकडा निम्म्याच्या खाली आला.

कारकून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "शेठ, लोकं वाढवायले येतात. तुम्ही कमी काहून करून राहिले?"

"तुले काय करायचं बे?" मी ओरडलो. "शिक्का मार!"